वाचून दाखवायच्या गोष्टी

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
१५ जून १९६८

ती. सौ. ताईस,
शकूचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. एस.टी.त खराडीपर्यंत उभी होते, मग एका आजीबाईंनी शेजारचं गाठोडं पायाशी घेतलं आणि मला टेकायला जागा दिली. तू दिलेल्या कैऱ्या आईने आल्या आल्या चिरायला घेतल्या. आबांनी विचारलं, मुक्ता सासरी रुळली का? मी सांगितलं, चांगलीच रुळली आहे, आता डोक्यावर पदर घेऊन टोमणे मारते.

सुट्टी विशेषांक वाचनालयात परत केला. तिथल्या भाऊंनी पान न् पान उलटून पाहिलं आणि एका पानावर पिठाचा अंगठा सापडल्यावर मला विचारलं, हा अंक वाचायला नेला होता की लाटायला? मी म्हटलं, वाघोलीला नेला होता. त्यावर ते म्हणाले, मग माती लागली नाही हेच नशीब. तो अंगठा तुझाच. भाकरी टाकून मध्येच चित्र बघायला आली होतीस, आठवतं?

ताई, ह्या वेळची सुट्टी फार छान गेली. कॉलेजातल्या मुली म्हणतात, असल्या प्रेमाच्या गोष्टी एकटीने, पांघरुणात तोंड घालून वाचायच्या असतात. मी तर तुमच्या ओसरीवर भर दुपारी मोठ्याने वाचल्या आणि आत्याबाईसुद्धा सासूपण विसरून शेंगा फोडता फोडता ऐकत होत्या. पण खरे श्रोते दाजी. मळ्यातून मुद्दाम लवकर येऊन खांबाला टेकून बसायचे. इतकं मन लावून ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही. मला एस.टी.त बसवून देतानाही त्यांचा प्रश्न चालूच होता की, गोष्टीतली ती महाबळेश्वरची मुलगी त्याची शाल न बोलता परत का करते? मी म्हटलं, रागावली म्हणून. तर म्हणाले, पण मग बोलत का नाही? त्यांना सांग, मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सापडलं की कळवीन.

आत्याबाईंना नमस्कार. तुझी माया माझ्यावर आहे तशीच राहू दे.

तुझी
शकू

॥ श्री ॥

वाघोली
२४ जून १९६८

चि. शकूस अ. उ. आ.

पत्र पावलं. इकडे सर्व ठीक. पेरणीची धांदल आहे, काळी गाय व्याली, कालवड झाली. आत्याबाईंचा खोकला तसाच आहे.

तुझा निरोप ह्यांना सांगितला. ऐकून बराच वेळ हसत होते. माझ्या निरोपांना एवढं हसू येत नाही, पण माझे निरोपही मीठ संपलं आणि दळण आणायचं ह्याच जातीचे असतात म्हणा.

मन लावून ऐकतात हे तू लिहिलंस ते बरं केलंस, मला माहीत नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होतील. दिवस मावळायच्या आत हे घरात दिसले ते एकदा विंचू चावला म्हणून आणि एकदा तू आलीस म्हणून. आत्याबाई परवा शेजारच्या सरुबाईंना सांगत होत्या की, लेकाला शाळेत असताना कधी पुस्तकाची गोडी लागली नाही, ती मेहुणीने लावली. सरुबाई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. न हसून सांगते कोणाला?

मॅट्रिक मीही झाले आहे. सर्टिफिकेट ट्रंकेत तळाशी आहे, वर लुगड्यांच्या घड्या आहेत. त्यामुळे कोणाच्या लक्षात राहत नसावं.

अभ्यास कर. गोष्टी कमी वाच. आई-आबांना नमस्कार. आहे तो लोभ जपून वापर.

तुझी
ताई

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
१० जुलै १९६८

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

अगं, कालवडीचं नाव काय ठेवलंस? माझं ऐकशील तर तिचं नाव शाल ठेव. दाजींनी हाक मारली आणि ती बोलली नाही, तरी त्यांना वाईट वाटणार नाही.

तुझं पत्र जरा रुक्ष वाटलं. आई म्हणाली, पेरणीच्या दिवसांत बाईमाणसाला पत्र लिहायला वेळ मिळाला हेच खूप. म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

आता बातमी. मागच्या शनिवारी दाजी मंडईत भेंडी घेऊन आले होते आणि तिथून चालत आपल्याकडे आले. तुला कळलंच असेल. आईने पोहे केले. आबा दुकानात निघालेच होते, ते जावई आले म्हणून थांबले. चहा झाल्यावर दाजी इकडे तिकडे बघत म्हणाले, नवीन काही आलं असेल तर एखादी गोष्ट वाचा की. मग मी वसतिगृहातल्या मुलाची गोष्ट वाचली, तो दिवाळीच्या सुट्टीत कोकणात मामाकडे जातो आणि शेजारच्या मुलीला पोहायला शिकवता शिकवता स्वतःच बुडायला लागतो, ती. आबा म्हणाले, असल्या पोराला नापास करायला पाहिजे. दाजी मात्र अंकाची पानं उलटत होते. जाताना दाजींनी दोन जुने विशेषांक मागून घेतले. मी तुझ्यासाठीच दिले. मिळाले असतीलच. त्यातली कोणती गोष्ट आवडली ते लिही. मला वाटतं तुला ती कॅरमच्या स्पर्धेची आवडेल, तिच्यातली नायिका तुझ्यासारखीच तिरकस आहे.

पंचमीला येशील ना? आईने तुझ्यासाठी बांगड्या भरायच्या ठेवल्या आहेत. तू आलीस की आपण पर्वतीवर जाऊ.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी
शकू

॥ श्री ॥

वाघोली
१९ जुलै १९६८

शकू,

आशीर्वाद.

ह्यांनी मंडईतून आल्यावर मला भेंडीचा भाव सांगितला. कोणत्या गाळ्यावर उतरवली ते सांगितलं. आपल्याकडे गेले होते, पोहे खाल्ले, आबा थांबले, तू गोष्ट वाचलीस, ह्यातलं अक्षरही सांगितलं नाही. माझ्या माहेरी जाऊन आलेला माणूस माझ्या आईची खुशालीसुद्धा मला सांगत नाही, हे तुझ्या पत्रातून मला कळतं.

आणि ते अंक. कोणती गोष्ट आवडली म्हणून विचारतेस. मला अंक मिळालेच नाहीत. तुझं पत्र आल्यावर शोधले. विहिरीवर इंजिनाची खोपी आहे, तिथे तेलाच्या डब्यामागे पोत्यात गुंडाळून ठेवलेले सापडले. जिथल्या तिथे ठेवून आले. विचारलं नाही. विचारायचं काय, आणि उत्तर ऐकून करायचं काय?

मी जळते आहे असं तुला वाटेल. वाटू दे, खरंच आहे ते. तू ओसरीवर बसून वाचत होतीस तेव्हा मी चुलीपाशी होते. तुझा आवाज चांगला आहे, दात चांगले आहेत, तुझ्या हाताला राखेचा वास येत नाही. हे डोळ्याची पापणी न लववता बसलेले असायचे. तव्यावरची भाकरी माझ्याकडून करपायची. लग्न ठरवायला आले तेव्हाही माझ्याकडे त्यांनी इतकं पाहिलं नव्हतं.

तू काही वाईट केलंस असं मी म्हणत नाही. तुला कळलंही नसेल. पण आता कळवते आहे. दिवाळीत येऊ नकोस. अंक पाठवू नकोस. हे पुन्हा आले तर आईकडून चहा पाज आणि तू मैत्रिणीकडे जा.

मी पंचमीला येणार नाही. आईला सांग, गायीचं कारण आहे.

मुक्ता

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
२४ जुलै १९६८

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. आईने दोनदा हाक मारली. तिला गायीचं कारण सांगितलं. तिने बांगड्या परत कपाटात ठेवल्या.

मी तुझ्या घरी येणार नाही. दाजी आले तर मी मैत्रिणीकडे जाईन. तू सांगितलंस ते सगळं ऐकेन. पण एक गोष्ट मी लिहिणार आहे, मग तू चिड.

गोष्टी वाचायच्या कोणाकडून शिकले मी? तुझ्याकडून. तू सुट्टीत वाचनालयातून अंक आणायचीस, खिडकीत बसायचीस, माझ्याकडे पाठ करायचीस. मी सात-आठ वर्षांची असेन. तुझे खांदे हलायचे, म्हणजे तू हसते आहेस हे मला कळायचं. मी विचारायची, काय झालं, मला सांग ना. तू म्हणायचीस, गप बस, तुला कळायचं नाही. मी मग तुझ्या पाठीकडे बघत बसायची. त्या पुस्तकांचा मला इतका राग यायचा की एकदा एकावर मी मुद्दाम पाणी सांडलं होतं. म्हणून मला तसे अंक वाचता यायला लागले तेव्हा मी मोठ्याने वाचायला लागले. कोणाला पाठ दिसू नये म्हणून.

जळायचं कसं असतं ते मलाही माहीत आहे, ताई. पण मी तुला येऊ नकोस असं कधी म्हटलं नाही.

शकू

वाघोली
ता. १५/९/६८

चि. शकूबाईस जयसिंगचा आशीर्वाद.

पत्रास कारण की, मेहुणीला पत्र लिवायची माझी ही पहिलीच येळ हाय, तर चूकभूल पदरात घ्यावी. चौथीत शाळा सुटली, त्याच्यामागं सातबाऱ्यावर सही सोडली तर लिवणं न्हाई.

तुझी ताई माझ्याशी बोलत न्हाई. म्हंजे बोलती, पर जेवा, चा झालाय, बैलं पाण्यावर न्या, येवढंच. पंचमीला म्हायेरी गेली न्हाई. गणपतीत तुमी दोघी येकमेकीला कागद टाकला न्हाई. मी इचारलं तर म्हनली, मेहुणीलाच इचारा. तवा इचारतो हाय. पर मला वाटतं चूक माझीच हाय, म्हणून आधी माझंच सांगतो.

लग्नात तिनं पुस्तकांचं गाठोडं आणलं. काम आटपलं की चुलीपाशी पाठ फिरवून बसती आन् मनातल्या मनात वाचती. वाचताना हासती. येकदा डोळं पुसताना बी पाह्यली. काय झालं म्हणलं, तर म्हनली, काय न्हाई, गोष्ट हाय. त्या गोष्टीतल्या पोरांचा मला लई राग यायचा. त्यांना ना शेत, ना बैल, नुसती सुट्टी. आन् माझी बायकू त्यांच्यासाठी रडती. माझ्याकडं बघून ती तशी हासलेली मला ठावं न्हाई.

मंग तू आलीस आन् मोठ्यानं वाचाया लागलीस. तवा ती भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकायची. तू दारापाशी बसायचीस, तुझ्या पल्याड ओसरीवरनं चूल समोरच दिसती. तिचं तोंड मला पयल्यांदा नीट बघाया मिळालं. कवा हासली, कवा भ्याली, समदं दिसायचं. तुला वाटलं मी गोष्ट ऐकतो. मी तिच्याकडं बघत हुतो. म्हणून लवकर यायचो.

तू गेलीस आन् पुन्यांदा पाठच दिसाया लागली. म्हणून अंक मागून आणलं. ती कशाला हासती ते मला बी कळावं. खोपीत बसून बोट ठिवून वाचतो. जोडाक्षराला अडतो. ती मॅट्रिक, तिच्यापुढं कसं वाचावं? म्हायेरी गेल्याचं सांगितलं असतं तर कशाला गेला हुता म्हणून इचारलं असतं. म्हणून गप ऱ्हायलो.

तुला आमच्यापायी बोलणी बसली आसली तर वाईट वाटून घिऊ नको. हे तिला सांगू नको. मीच सांगीन. पर कसं सांगावं ते त्या अंकात कुठं लिवलेलं घावलं न्हाई.

आबांना आन् आईंना नमस्कार. जीव हाय तवर आमची आठवण ठिव.

जयसिंग

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
८ ऑक्टोबर १९६८

ती. सौ. ताईस शकूचा सा. न. वि. वि.

मी पुन्हा लिहीन असं वाटलं नव्हतं. आईला बरं आहे, आबांना बरं आहे, माझी सहामाही झाली, इंग्रजीचा पेपर वाईट गेला.

दाजींचं मला पत्र आलं होतं. काय लिहिलं आहे ते तुला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून मी सांगणार नाही. थांब, कागद फाडू नकोस. जळायचं असेल तर जळ, पण शेवटपर्यंत वाचून जळ.

ते वाचून मी आधी रडले आणि मग मला जरा वाईटच वाटलं. माझं वाचन इतकं मन लावून ऐकणारा एकच श्रोता मला मिळाला होता, तोही हातचा गेला. कसा, ते विचारू नकोस.

तू अंक पाठवू नकोस म्हणाली होतीस, तरी पाठवते आहे. मंडईत येणाऱ्या तुमच्या गावच्या सर्जेरावांच्या हाती देते. दिवाळीचा आहे, माझ्या पैशाने घेतलेला, वाचनालयाचा नाही. पिठाचे अंगठे खुशाल उमटव. माझं एकच मागणं आहे. पाडव्याच्या दुपारी तो घेऊन ओसरीवर बस. चुलीपाशी नाही. दाजींकडे तोंड करून बस आणि एक गोष्ट मोठ्याने वाच. कोणतीही. मध्ये त्यांनी काही विचारलं तर मला म्हणायचीस तसं गप बस म्हणू नकोस.

एवढं कर. मग मला पुन्हा कधीच बोलावलं नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी बोलणार नाही.

तुझीच
शकू

॥ श्री ॥

वाघोली
२८ ऑक्टोबर १९६८

चि. शकूस तुझ्या ताईचे अ. उ. आ.

हे पत्र लिहिताना हे समोर बसले आहेत आणि मी काय लिहिते ते ओळखायचा प्रयत्न करत आहेत, म्हणून मी अक्षर बारीक काढते आहे.

तुझा अंक सर्जेरावांनी आणून दिला तेव्हा तो तसाच चुलीत घालावा असं मनात आलं होतं. तुझ्या पत्रातल्या त्या पाठीच्या गोष्टीने तो वाचला. तू सात-आठ वर्षांची होतीस आणि मला ते दिसलं नाही. जुलैपासून ती ओळ माझ्या मागे होती. उत्तर द्यायला धीर झाला नाही.

पाडव्याला सकाळी ओवाळलं. ह्यांनी लुगडं घातलं ओवाळणीत, डाळिंबी रंगाचं. दुपारी आत्याबाई सरुबाईंकडे फराळाला गेल्या. हे मळ्यात निघाले होते. मी म्हटलं, थांबा जरा. एवढंच म्हणायला मला किती जड गेलं म्हणून सांगू. मग ओसरीवर बसले, अंक उघडला आणि पहिलीच गोष्ट वाचायला घेतली. माझा आवाज तुझ्यासारखा नाही गं. पहिलं पान मी वर न बघताच वाचलं.

गोष्ट कॉलेजातल्या दोघांची होती. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी येते, तो तिला भेटायला येतो आणि ती त्याच्याशी बोलत नाही. तो रोज येतो, रोज परत जातो. तिसऱ्या पानावर ह्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. विचारलं की, ती कशाला रागावलीय ते सांगत का नाही? मला तुझं गप बस आठवलं. मी पानाकडे बघूनच म्हटलं, त्याने विचारलं नाही म्हणून.

हे खांबापासून पुढे सरकले. मग माझ्या हातातला अंक काढून घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मंग मी इचारतो. काय झालंय तुला?"

शकू, जुलैपासून मी ह्या प्रश्नाची उत्तरं तयार करून ठेवली होती. एकाहून एक झोंबणारी. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. लहान पोरीसारखी मी एवढंच म्हणाले की, तुम्ही शकूचं ऐकता. आणि रडायला लागले.

तेव्हा ह्यांनी सगळं सांगितलं. तुला लिहिलं तेच असणार. खोपीतलं वाचन, जोडाक्षरं, माझी पाठ, सगळं. म्हणाले, "तिचं कोण ऐकत हुतं? मी तुझं तोंड बघत हुतो."

माझा लगेच विश्वास बसला नाही. जळणाऱ्या माणसाचा बसत नाही. मी डोळे पुसले, ह्यांना चुलीपाशी नेऊन पाटावर बसवलं, परातीत हात घालायला लावला आणि स्वतः येऊन त्यांच्या खांबाला टेकून बसले. बघितलं. चूल खरंच समोर दिसते. माणसाच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. हे परातीत हात घालून खुळ्यासारखे माझ्याकडे बघत होते आणि तेवढ्यात आत्याबाई परत आल्या. लेकाला चुलीपुढे पाहून त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? हे म्हणाले, गोष्ट चाललीय. त्या तशाच गोठ्यात गेल्या.

आता दुपारी एक पान मी वाचते आणि दोन ओळी हे वाचतात. बोट ठेवूनच वाचतात. माझ्याच्याने हसू आवरत नाही, पण ह्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट जोडाक्षरावर मुद्दाम अडतात असा माझा संशय आहे.

तुला मी नको ते बोलले. दात चांगले आहेत म्हणून बहिणीवर रागावणारी मी एकटीच असेन. संक्रांतीला ये. आईने ठेवलेल्या बांगड्या घेऊन ये. पण एक आधीच सांगून ठेवते, ओसरीवर वाचायचं मी. तू भाकरी थाप आणि ऐक. तुला वाचून दाखवायच्या राहिलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत.

पाडव्याची ती गोष्ट मात्र तिसऱ्या पानावरच राहिली आहे. दुसऱ्या सगळ्या वाचतो, तिला हात लावत नाही. मी एकटीने पुढचं वाचायचं नाही असं ठरलं आहे, आणि मी ते पाळते आहे, हे तू मला ओळखतेस म्हणून तुला सांगते. पाठवण्याआधी तू ती वाचली असशीलच. शेवट काय होतो ते लिहू नकोस. ह्यांना तर मुळीच कळवू नकोस. तो मी वाचून दाखवणार आहे.

आई-आबांना नमस्कार. तुझ्या वाट्याचा लोभ तुझ्यापाशीच आहे, त्याला मी हात लावणार नाही.

तुझी, अजून थोडीशी जळणारी,
मुक्ताताई